नऊ अवजारांचा चाकू

अण्णांच्या बदलीचा कागद आला त्या संध्याकाळी ते ऑफिसातून येताना बिस्किटांचा एक मोठा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आले. आईला वाटलं, प्रवासात फराळाचं भरायला आणला असेल. तिनं तो राखेनं घासून पालथा घातला. अण्णांनी तो उचलला, पंच्यानं पुसून कोरडा केला, झाकणाला आतून कागद डकवला आणि नकाशावर गावांची नावं लिहायचे तशा रेखीव अक्षरांत त्यावर लिहिलं, 'अडचणीचा डबा'. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शकू, मी पुढं जाणार, तुम्ही दोघी मागून. मधले तीन-चार महिने घरात तू आणि तुझी आई. हा डबा तुझ्या ताब्यात." मी तेव्हा तेरा वर्षांची होते. माझ्या ताब्यात तोवर एक कंपासपेटी आणि दोन रिबिनी, एवढीच इस्टेट होती.

अण्णा पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढायचे. राज्यांच्या हद्दी भाषेप्रमाणे नव्यानं ठरत होत्या, आमच्या जुन्या हैदराबादचे तीन वाटे तीन दिशांना जायचे होते, आणि ऑफिसातली माणसंही तशीच वाटली जात होती. अण्णांच्या वाट्याला नांदेड आलं. आमचं मूळ गाव तिकडचंच, तेव्हा सगळे म्हणायचे, बरं झालं, आपल्या मुलखात चालला. अण्णाही तसंच म्हणायचे. सरकारी कागद आला की सामान बांधायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आम्ही नल्लकुंट्यात राहायचो. दोन खोल्या, पुढं अरुंद ओसरी, मागच्या अंगणात तीन बिऱ्हाडांत मिळून एक नळ. वारा तिकडून असला की काचीगुड्याच्या इंजिनाची शिट्टी स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि आई म्हणायची, "मनमाडची गाडी आली, भाकरी टाकते आता." भिंतीपलीकडे लक्ष्मम्मा राहायची. तिचे यजमान शाळेत शिक्षक होते. तिच्या घरून चिंचेच्या पातळ चारूला लसणाची फोडणी बसली की आमच्याकडे ठसका लागायचा. ती वाटीत चारू द्यायची, आई त्याच वाटीतून शेंगदाण्याची चटणी परत पाठवायची. अंबाडीवरून दोघींचं कायमचं भांडण होतं. लक्ष्मम्माच्या मते गोंगुरा ही फक्त आंध्राचीच भाजी होती आणि आईच्या मते आमच्या गावच्या अंबाडीसारखी अंबाडी जगात नव्हती. एक तेलुगूत बोलायची, दुसरी मराठीत, आणि अडलं की दोघी दखनीवर यायच्या. "हौ अक्का, ये तुमारा नै, हमारा है," असं आई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

डब्याचं खूळ अण्णांच्या डोक्यात कुठून आलं, ते मला माहीत होतं. त्यांचा पुढचा एक दात अर्धा होता. पोलीस अॅक्शनच्या आधीच्या धास्तीच्या दिवसांत आम्ही गाव सोडून बैलगाडीनं निघालो होतो. मी पाचेक वर्षांची असेन. वाटेत ओढ्याला पाणी होतं. मधोमध आमचा पाखऱ्या नावाचा बैल घसरला, पडला, आणि मानेभोवतीची जुपणी आवळली. भिजलेल्या सुताची गाठ हातानं सुटेना. अण्णांनी पाण्यात उतरून ती दातानं ओढली. दात तुटला, गाठ सुटली नाही. आमच्यासमोर पाखऱ्या गेला. गाडीत विळा होता, पण तो ज्वारीच्या पोत्यांखाली, तळाला. अण्णा पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना बैलापेक्षा त्या विळ्याबद्दलच जास्त बोलायचे. "होता," म्हणायचे, "होता गं. पण हाताशी नव्हता."

डब्यात एकेक वस्तू येत गेली. मेणात बुडवून काढलेल्या आगकाड्या, मेणबत्त्या, टिंक्चर आयोडिनची बाटली, धुऊन इस्त्री केलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या, तुरटी, सुई-दोरा, सुताची दोरी, आणि एक शिट्टी, जी मी पहिल्याच दिवशी वाजवून मार खाल्ला. राहिला चाकू. आई म्हणाली, "घरात विळी आहे, अडकित्ता आहे. चाकू कामून पाहिजे?" अण्णा म्हणाले, "विळी काय कमरेला लावून फिरणार?" तो डब्यात ठेवायचाच नव्हता, असं मग कळलं. तो माझ्या अंगावर असायला हवा होता.

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांच्या मागच्या बाजूला करीमसाबचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, एक सहाणेचं चाक आणि एक काचेचं कपाट. म्हातारे करीमसाब पायानं चाक फिरवत कात्र्यांना धार लावायचे. अण्णांचे नकाशाचे चाकू, कागद खरवडायची पाती, सगळं तिथूनच यायचं. कपाटात वरच्या फळीवर कमरेला खोचायचे वाकडे जंबिये होते. मी तिकडे बोट केलं तशी ते हसले. "नक्को बेटी. वो लग्नां में बारातियां पहनते. उससे प्याज बी नै कटता."

अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं. आपण पुढं जाणार, घरात बायको आणि ही मुलगी, अडीअडचणीला हाताशी काहीतरी हवं. करीमसाबनी चाक थांबवलं. असल्या गिऱ्हाइकाची त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली असावी. त्यांनी फडकं पसरलं आणि त्यावर एकेक चाकू मांडायला लागले. एक चामड्याच्या म्यानातला, न मिटणारा. तो अण्णांनीच बाजूला सारला. मुलीच्या जवळ असला सुरा पाहून कुणीतरी पोलीस बोलवायचं. एक विजेच्या तारा ओढणाऱ्यांचा, जाड पात्याचा. एक लाकडी मुठीचा, पितळी टोप्यांचा, एकाच पात्याचा साधा चाकू, जो उघडला की मागं खट् आवाज होऊन पक्का बसायचा. आणि सगळ्यात शेवटी, कपाटाच्या आतून, मखमलीच्या पिशवीतून काढलेला एक. शिंगाची मूठ, दोन्ही बाजूंनी दाटीवाटीनं मिटलेली पोलादी पाती. कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावातून तो त्यांच्याकडे आला होता.

माझे डोळे त्यावरच खिळले. करीमसाब एकेक उघडत गेले. मोठं पातं, धाकटं पातं, करवत, बोटाएवढी कात्री, दाभण, स्क्रू फिरवायचा पेचकस, डबा फोडायचं नखासारखं पातं, बाटलीचं बूच ओढायचं मळसूत्र. नववा एक बोथट, वाकडा आकडा होता. "ये कायकू?" मी विचारलं. करीमसाबनी तो उलटसुलट पाहिला आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णांनाही सांगता येईना. शेवटी शेजारच्या दुकानातला घोड्यांचं सामान विकणारा माणूस उठून आला आणि म्हणाला, घोड्याच्या खुरात खडा अडकतो तो काढायचा हा आकडा. घोड्याच्या खुरात खडा अडकतो, हेच मला तोवर माहीत नव्हतं. हे कळल्यावर तर तो चाकू मला हवाच होता.

करीमसाबनी पाण्याचं घमेलं पुढं सरकवलं. "हात भिगा," म्हणाले. मी दोन्ही हात बुडवले. "अब खोल. मुसीबत में हात सूके नै रैते, बेटी. पसीना रैता, पानी रैता, खून रैता." साधा चाकू मी एका झटक्यात उघडला. मग नऊ अवजारांचा हातात घेतला. मोठ्या पात्याच्या खाचेत नख घातलं, ओढलं, घसरलं. पुन्हा ओढलं. नख तुटलं, पातं हललं नाही. करीमसाबनी साधा चाकू माझ्यापुढं ठेवला. अण्णांचंही मन त्यावरच होतं, त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. पण ते म्हणाले, "वापरायचा तुला आहे. तू ठरव."

मी नऊ अवजारांचा घेतला. अडचण, आपत्ती, ओढ्यातला बैल, त्यातलं काहीच तेव्हा माझ्या मनात नव्हतं. एका मुठीत इतक्या गोष्टी कशा मावतात, याचंच मला नवल होतं. अण्णांनी मान हलवली. "घे. पण मग त्यातली प्रत्येक गोष्ट तुला अंधारातही सापडली पाहिजे. नाहीतर परत देऊन येऊ."

घरी आल्यावर आईनं तो चाकू हातात धरून सगळं ऐकून घेतलं आणि वाकडा आकडा पाहून म्हणाली, "आधी घोडा आणा." पण माझ्या परकराला आतून एक घट्ट पिशवी तिनंच शिवून दिली, चाकू पडू नये म्हणून तिला बटणही लावलं. अण्णांनी सांध्यांत तेलाचे थेंब सोडले. मी डोळे मिटून सराव करायला लागले. करवत उजव्या टोकाला. दाभण पाठीवर, मधोमध. कात्री डावीकडून तिसरी. मोठं पातं शेवटपर्यंत ताठच राहिलं, पण कात्रीचा सांधा सैल होता, ती अंगठ्यानं नुसती ढकलली तरी उघडायची. मी त्या कात्रीनं जुन्या वर्तमानपत्रांतून घोडे कापत बसायची. लक्ष्मम्मा अंगणातून बघायची आणि म्हणायची, "एम्मा शकुंतला, दर्जी होनेवाली क्या?"

तो चाकू आजही माझ्याजवळ आहे. परवा मेट्रोच्या दारात पिशवी यंत्रातून गेली आणि तिथल्या मुलीनं मला बाजूला घेतलं. "दादीमां, ये क्या है?" मी एकेक उघडून दाखवू लागले. घोड्याच्या आकड्याशी आले तेव्हा मागं रांग लागली होती आणि तीही वाकून बघत होती. तिनं तो मला आत नेऊ दिला नाही, ते बरोबरच केलं. मी रिक्षानं घरी आले.

अण्णा नांदेडला गेल्यावर चार महिने काही म्हणता काही झालं नाही. एकदा दिवे गेले, मेणबत्ती लावली. एकदा लक्ष्मम्माच्या यजमानांचा चष्मा मी पेचकसानं दुरुस्त केला. बाजार कधी कधी अचानक बंद व्हायचा, कुठं सभा, कुठं मिरवणूक, पण आमच्या गल्लीत भाजीवाली यायची आणि दिवस जायचा. मग अण्णांचं पत्र आलं, घर मिळालं, या. मोठं सामान मालगाडीनं पुढं गेलं. दुपारच्या गाडीनं आम्ही दोघींनी निघायचं होतं. लक्ष्मम्मानं गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी दिली आणि ती देताना रडली. आई रडली नाही. तिनं नवी नारायणपेठी साडी नेसली होती, तिचा जाड काठाचा पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती गुंडाळला होता, आणि रिक्षात बसल्यावर ती एकदाही मागं वळली नाही.

सायकलरिक्षा बरकतपुऱ्याच्या बाजूनं उताराला लागली. माझ्या मांडीवर बरणी होती, तिच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्यातून तेल पाझरत होतं, माझे दोन्ही हात लाल झाले होते. पदराचं एक टोक बाहेर लोंबत होतं ते कुणालाच दिसलं नाही. एकाएकी आईचं डोकं माझ्याजवळून खाली ओढलं गेलं, जणू कुणी केसांना धरून ओढलं. मी ओरडले. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबले. आईचा गाल चाकावरच्या पत्र्याला दाबला गेला होता, दोन्ही हात गळ्याशी, आणि तोंडातून आवाज येत नव्हता. पदर चाकाच्या आऱ्यांतून जाऊन आसाभोवती दोरीसारखा वळला गेला होता. रिक्षावाला उतरून चाक मागं फिरवायला लागला. ते मागं फिरेना. "या अल्ला, या अल्ला," एवढंच तो म्हणत होता. दोन माणसं धावत आली आणि त्यांनी पदर ओढायला सुरुवात केली, तशी गाठ आणखी आवळली.

बरणी कुठं पडली मला आठवत नाही. चाकू हातात होता आणि मोठ्या पात्यावरून माझं तेलकट नख सटकत होतं. एकदा, दोनदा. करीमसाब म्हणाले होते तसंच. आईचे डोळे माझ्याकडे होते आणि ते मोठे होत चालले होते. तिसऱ्यांदा मी ते पातं सोडून दिलं. कात्री डावीकडून तिसरी. अंगठ्यानं ढकलली, उघडली. गळ्याशी एवढा ताण होता की कात्रीचं बोथट टोक तिथं शिरेना. म्हणून मी चाकाजवळ, जिथं पदर पत्र्यावरून ताणला होता, तिथं काठ धरला. नारायणपेठी काठ जाड. मी कुरतडत होते. एक माणूस ओरडला, "अरे, चाकू मारो!" मी ऐकलं नाही. काठ तुटला आणि पुढचं साधं सुती कापड उघडं पडलं. कागदाला एकदा चीर गेली की तो सरळ फाटत जातो, हे मला वर्तमानपत्रांनी शिकवलं होतं. मी त्या माणसाला म्हटलं, "फाडो! इदर से फाडो!" त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. मोठा टर्रकन आवाज झाला आणि आई माझ्या अंगावर कोसळली.

तिनं श्वास घेतला तो आवाज मला आजही सांगता येत नाही. रिक्षावाला रस्त्यात बसून रडत होता. कुणीतरी हॉटेलातून पाणी आणलं. आईच्या गळ्याभोवती काळेनिळे वळ उठले होते. ती मला घट्ट धरून होती आणि तिच्या ओठांतून नुसती हवा येत होती.

आम्ही परत आलो. घरमालकानं खोल्या अजून दुसऱ्या कुणाला दिल्या नव्हत्या, पण आत एक चमचासुद्धा नव्हता. लक्ष्मम्मानं आपली भांडी, अंथरूण, सगळं भिंतीवरून दिलं आणि तीन आठवडे आम्हाला जेवू घातलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आवाज यायला वेळ लागेल, बोलायला लावू नका. पहिले काही दिवस ती हातवारे करायची, मग मी माझी पाटी दिली. 'पाणी', 'झोप', 'शाळेत जा'. आई दुसरीपर्यंत शिकली होती, अक्षरं मोठी आणि सुटी काढायची.

अण्णांना पत्रं तोवर मीच लिहायची. आई चुलीपाशी बसून सांगायची आणि मी उतरवून घ्यायची. येणं लांबलं, एवढी तार लक्ष्मम्माच्या यजमानांनी केली होती; बाकीचं लिहायला या वेळीही मीच बसले. काय झालं, कसं झालं, कात्री कशी उघडली, दोन पानं भरली. आईनं ती वाचली, बाजूला ठेवली, आणि कोरा कागद स्वतःपुढं ओढला. दुपारभर ती लिहीत होती. मी जवळ गेले की हातानं कागद झाकायची. पाकीटही तिनंच चिकटवलं.

चार दिवसांनी अण्णा आले. गळ्यावरचे वळ पाहून ते भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी खिशातून तिचा कागद काढला. मला तो त्यांनी वाचायला दिला. वर खुशाली वगैरे काहीच नव्हतं. 'मला तिकडं यायचं नाही. पाखऱ्या मेला त्या वाटेनं मला परत जायचं नाही. शकूची शाळा इथं आहे. लक्ष्मम्मा इथं आहे. तुम्ही म्हणाल तर येईन. पण यायचं नाही.'

"एवढं मनात होतं," अण्णा म्हणाले, "तर चार महिन्यांत एकदा तरी बोलायचं."

आईला तोवर थोडा आवाज आला होता, फाटक्या कापडासारखा. तिनं गळ्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द वेगळा काढला. "तुम्ही. विचारलं. कधी?"

अण्णांनी माझ्या हातातून कागद परत घेतला. मी जमिनीकडे पाहत राहिले, कारण मीसुद्धा विचारलं नव्हतं. जगातल्या घोड्यांच्या खुरांची चौकशी मी केली होती, पण आईला कुठं राहायचं आहे हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. हे लिहिताना आज तेव्हाच्या आईपेक्षा मी कितीतरी म्हातारी आहे, तरी ती लाज तशीच आहे.

अण्णा उठले, चपला घातल्या आणि घरमालकाकडे जाऊन खोल्या राखून आले. नांदेडला जायला तयार असलेला माणूस शोधून त्याच्याशी अदलाबदल करायला त्यांना सहा महिने लागले. त्यात त्यांची ज्येष्ठता गेली आणि हाताखालची पोरं पुढं निघून गेली. त्याबद्दल ते आईजवळ अवाक्षर बोलले नाहीत. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी घरमालकाकडून परत आल्यावर ते दारातच थांबले आणि पहिल्यांदाच, थोडं अवघडून, आईला म्हणाले, "आणखी काय पाहिजे, ते सांग."

आईनं विचार केला. मग त्या नव्या, घोगऱ्या आवाजात, जो पुढं जन्मभर तसाच राहिला, ती म्हणाली, "माझा पाटा-वरवंटा नांदेडला गेलाय. तो आधी आणा."

पुढच्या रविवारी अण्णा तो पाटा पोत्यात गुंडाळून, आगगाडीत मांडीवर घेऊन आले. काचीगुड्याहून नल्लकुंट्यापर्यंत त्यांनी तो डोक्यावरून चालत आणला. आईनं जागा दाखवली, तिथं ठेवला. तिनं तो धुतला, शेंगदाणे घेतले, लसूण घेतला, तिखट घेतलं, आणि चटणी वाटायला बसली. पहिली वाटी भिंतीवरून लक्ष्मम्माकडे गेली.